साठीनंतर काय घालावं? ढगळ कुर्ता हे त्याचं उत्तर नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचताना माझ्या दुकानात येणाऱ्या निदान पंधरा-वीस जणी डोळ्यांपुढून गेल्या. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ६१, बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, ३३ वर्षं रोज साडी नेसून कामावर गेलात. आता गुडघा कुरकुरतो, रोज साडी नकोशी वाटते. मुलीने पुण्याहून चार कुर्ते आणून दिले, तर आरशात कुणाचे तरी मागून आणलेले कपडे घातल्यासारखं वाटलं. मग दोन साइज मोठा घेतला, तर सोसायटीतली एक म्हणाली, ‘बरं नाहीये का?’ स्लीव्हलेस आवडतं, पण या वयात चालेल का? कपाटातल्या चाळीस साड्यांचं काय करू? डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, त्याला काय घालू? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मला तरुण दिसायचं नाही, पण मी मीच दिसले पाहिजे.’

मी नाशिकात गेली एकतीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. इंदिरानगरला छोटं दुकान आहे, दोन मशिनं, एक मदतनीस. फॅशन डिझायनर वगैरे नाही, तेव्हा जे सांगेन ते कात्री आणि टेपच्या अनुभवातून.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत अडकल्यात. एक मापाची आहे, दुसरी ओळखीची. माप चुकलेला कपडा अंगावर असला की बाई स्वतःलाच दोष देते, ‘मला हे शोभत नाही’ म्हणते. बिचाऱ्या रंगाचा आणि कापडाचा त्यात काही दोष नसतो. म्हणून आधी माप सोडवू. ओळखीचं उत्तर तर तुम्ही स्वतःच लिहून टाकलंय, तुमच्या लक्षात आलेलं नाही. त्याकडे नंतर येते.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठाऊक. खांदा पूर्ण वर जातो का, जमिनीवर मांडी घालून बसता का, स्कूटर चालवता का, पायाला संध्याकाळी सूज येते का, घरात कोण काय बोलेल. खांदा आखडलेल्या बाईला डोक्यावरून घालायचा बंद गळ्याचा कुर्ता म्हणजे रोजची शिक्षा. तिला मी पुढून पूर्ण उघडणारा, टिचबटणांचा कुर्ता देते आणि वरून दिसायला खोटी काजं-बटणं लावते. तुमचा खांदा ठीक असेल तर हे सगळं तुम्हाला नको.

आता माप. तयार कपडे ज्या बांध्यावर बेतलेले असतात तो बहुतेक वेळा तरुण, ताठ पाठीचा बांधा असतो. पन्नाशी-साठीत पाठीचा वरचा भाग जरा गोल होतो, खांदे पुढे येतात, छाती खाली उतरते, पोट थोडं पुढे येतं. म्हणजे मागची लांबी वाढते आणि पुढची कमी होते. असा कुर्ता घातला की तो सारखा मागे सरकतो, गळा घशाला लागतो, मागचं टोक वर उचललं जातं. तुम्ही दिवसभर पुढून कुर्ता खाली ओढत राहता. हे वाचून ‘अगदी हेच’ म्हणाला असाल तर समजा, मोठा साइज घेऊन काही होणार नाही. मोठ्या साइजला खांदे आणखी बाहेर लोंबतात, बगल खाली जाते आणि कुर्ता मागे सरकायचा तो सरकतोच. ‘बरं नाहीये का’ हा प्रश्न त्या लोंबणाऱ्या खांद्यांमुळे आला, ताई. वजनाशी किंवा वयाशी त्याचा काही संबंध नाही.

उपाय असा: माप खांद्याचं घ्यायचं आणि जागा पोटाला द्यायची. खांद्याची शिलाई अर्धा इंच पुढे आणायची. पाठीत वरच्या बाजूला पाऊण-एक इंच लांबी वाढवायची, मागे जोडाची पट्टी घेतली की ते सहज जमतं. छातीचे टक्स खाली आणायचे. त्यासाठी शिंप्याने खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप नव्याने घ्यायला हवं. बऱ्याच जणी पंधरा वर्षांपूर्वीचा ‘मापाचा ब्लाउज’ घेऊन येतात आणि सांगतात, ‘असाच शिवा, फक्त बाजूने एक इंच सैल.’ मी तो ब्लाउज बाजूला ठेवून अंगावर माप घेते. काही जणी रागावतात. रागावू देत.

बगलेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यांचीच समजूत उलटी असते. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, खोल ठेवला म्हणजे हात मोकळा राहतो असं वाटतं ना? घरात मोठ्या साइजचा एखादा कुर्ता असेल तर आत्ता घालून आरशापुढे उभ्या राहा आणि फळीवरचा डबा काढताना करतो तसा हात वर करा. आता कुर्त्याच्या खालच्या टोकाकडे बघा. चार-पाच बोटं वर आलं असेल. मुंढा खाली असला की हाताबरोबर अख्खा कुर्ता वर ओढला जातो. तोच मुंढा बगलेच्या जवळ घेऊन बाहीला दंडापाशी दोन इंच जादा रुंदी दिली तर हात वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. दंड फारच भरलेला असेल तर बगलेत चौबगला घालते, म्हणजे एक छोटा चौकोनी तुकडा. जुन्या बाराबंद्या आणि अंगरख्यांत हा असायचा. आजच्या घाईत शिंपी तो विसरले.

माझ्याकडे ट्रायलला आलेल्या प्रत्येक बाईला तीन गोष्टी करायला लावते. हात वर करून वरच्या रॅकमधला कापडाचा गठ्ठा काढायचा, बुटक्या स्टुलावर बसून उठायचं, आणि पुढे वाकून चपलेचा पट्टा लावायचा. हसतात, पण करतात. वाकल्यावर गळा किती उघडतो, बसल्यावर बाजूचे कट कुठून फाकतात, पँटचा मागचा भाग खाली सरकतो का, हे उभं राहून कधीच कळत नाही. तुम्हीही शिंप्याकडे हेच करा. आणि ट्रायलला जाताना जी ब्रा रोज घालता तीच घालून जा. नवी कडक घालून जाल तर माप तिचं घेतलं जाईल.

पँटला पुढे सपाट पट्टा आणि मागे इलॅस्टिक ठेवा. पुढून नीटनेटकं दिसतं, बसल्यावर पोटाला काचत नाही. लेगिंग घालू नका असं मी म्हणणार नाही, पण गुडघ्याला पट्टा बांधत असाल तर त्यावर ती धड बसत नाही. घोट्याच्या दोन बोटं वर संपणारी सरळ पँट आपल्या पावसाळ्यात फार उपयोगी. जमिनीला टेकणारे पलाझो मेनरोडच्या चिखलातून एकदा फिरवून आणा, मग बोलू. खिसा मात्र हवाच. बाजूच्या शिलाईत, कमरेच्या थोडा खाली, हात आत गेल्यावर मनगट झाकेल इतका खोल. त्याची पिशवी मांजरपाटाची करायला सांगा, कुर्त्याच्या पातळ कापडाची केली तर मोबाइलच्या वजनाने दोन महिन्यांत लोंबते. चष्मा, किल्ल्या, फोन अंगावर राहिले की हातातली पर्स सुटते, आणि हात मोकळे असलेली बाई वेगळीच चालते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी बघा.

कापडाचं म्हणाल तर आपल्या हवेत तीन कपाटं लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो, पण हवा कोरडी असते. तेव्हा मलमल, व्हॉइल, मंगलगिरी, हातमागाचं सुती यांच्यासारखं सुख नाही. पावसाळ्यात तेच जाड सुती दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून पातळ सुती किंवा सुतीत थोडं मिश्रण असलेलं घ्या. थंडीत सकाळी स्वेटर आणि दुपारी घाम अशी आपली तऱ्हा, निफाडकडे तर पहाटे हात गारठतात. त्यासाठी जाड कुर्ता शिवू नका. नेहमीच्या कुर्त्यावर बिनबाह्यांचं, अस्तराचं लांब जाकीट घ्या, दुपारी काढून हातावर टाकता येतं. रेयॉन अंगावर छान पडतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, ते मशिनमध्ये पिळू नका. लिनन चुरगळणारच. तो चुरगळलेपणा आवडत असेल तरच घ्या. आणि सुती कापड कापण्याआधी एक रात्र भिजवून वाळवायचं. हे शिंप्यावर सोडू नका, घरी करा. अडीच मीटरमध्ये काही इंच सहज आटतात, आणि ते शिवल्यानंतर आटले तर तुम्ही मलाच शिव्या घालणार.

आता ओळखीकडे. तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आहे: ‘बँकेत मला सगळे उलट्या रंगाच्या ब्लाउजवाल्या मॅडम म्हणायचे.’ मोरपंखी साडीवर कुंकवाच्या रंगाचा, राखाडीवर मोहरीचा. ताई, ३३ वर्षं तुम्ही रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून हा निर्णय घेत होतात. मुलीने आणलेले कुर्ते सेटमध्ये आहेत, वर-खाली-ओढणी सगळं एकाच छापाचं. त्यात तुमच्यासाठी ठरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. मागून आणलेले वाटतात ते म्हणून. मुलीचा दोष नाही, पोरीने प्रेमाने आणलेत. त्यातले सेट मोडा. एकाचा कुर्ता दुसऱ्याच्या पँटवर घाला. नवीन शिवताना कुर्ता एका रंगाचा, गळ्याची पट्टी, बाहीची आतली घडी आणि खिशाचं तोंड उलट्या रंगात. बाही दुमडलीत की तो रंग डोकावेल. ब्लाउज जे करायचा तेच काम आता बाहीची घडी करेल.

ओळख एका दिवसात आणि एका महागड्या कपड्याने होत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याने होते. माझ्याकडे एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक येतात. बारा वर्षं त्या एकाच बेताचा कुर्ता शिवून घेताहेत: पुरुषी शर्टाची कॉलर, पूर्ण बाही, कोपराखाली दुमडून बटणाने अडकवायची पट्टी. कापड बदलतं, बेत नाही. मी एकदा म्हटलं, ‘यंदा चायनीज कॉलर करून बघू या का?’ तर म्हणाल्या, ‘अहो, मग लोक मला ओळखणार कसे?’ दुसऱ्या एक आहेत, पंचाहत्तरीच्या. त्यांच्या प्रत्येक कपड्यावर कुठेतरी एक इंचभर खण असतो, कधी जाकिटाच्या आत, जिथे कुणाला दिसतही नाही. खणाचा पारंपरिक पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, अख्खा कुर्ता काढायचा तर जोड द्यावे लागतात. म्हणून तो असा पट्टीला, जोडाला वापरणं स्वस्तही पडतं आणि छानही दिसतं.

‘सोबर’ या शब्दाचं काय करावं मला कळत नाही. दुकानात साठीची बाई शिरली की पाठोपाठ हा शब्द शिरतो. ‘काहीतरी सोबर दाखवा.’ म्हणजे काय, तर बदामी, राखाडी, फिका पिस्ता. अहो, केस पांढरे झाले, चेहऱ्याचा रंग थोडा उतरला, आणि वरून कापडही उतरलेलं! तिन्ही फिकं झालं की बाई भिंतीत विरघळते. पांढऱ्या केसांशेजारी गडद जांभळा, शेवाळी, लाल माती, निळीचा निळा असे रंग किती उठतात हे स्वतः बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. कापड हनुवटीखाली धरून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्त दिसायला लागली तर तो रंग गळ्याजवळ नको, पँटला चालेल. फिका रंग मनापासून आवडत असेल तर खुशाल घाला, फक्त गळ्याशी एक गडद रेघ द्या.

नवरा गेल्यावर रंग सोडलेल्या बायकाही माझ्याकडे येतात. त्यांना मी काही शिकवायला जात नाही. एक आजी तीन वर्षं फक्त पांढऱ्या-करड्यात होत्या. एकदा जाकिटाला अस्तर निवडताना त्यांनी हळूच हिरव्यावर बोट ठेवलं. मी ‘बरं’ म्हणून कापलं. पुढच्या वर्षी तो हिरवा बाहेर आला.

साड्या. चाळीस आहेत ना, घाईने कापू नका. इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंनी आईची जुनी रेशमी साडी दिली, कुर्ता शिवायला. कापड हाताला मऊ लागलं, मी शिवला. तिसऱ्या धुण्याला तो पाठीवर सरळ रेषेत फाटला. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडलेल्या रेशमाचे धागे घडीवर तुटलेले असतात, वरून दिसत नाहीत. मी शिलाई परत दिली, पण आईची साडी कुठून परत देणार? तेव्हापासून जुनं रेशीम आधी उजेडासमोर धरून, घडीच्या रेषेवर दोन्ही हातांनी हलका ताण देऊन बघते. चरचर आवाज आला किंवा रेघ विरळ दिसली तर कात्री लावत नाही.

येवल्याची पैठणी असेल तर कापायचा विचारही करू नका. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची किंमत मला कळते ती मागची बाजू उलटून बघताना. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, कारण रंगाचा प्रत्येक धागा शेजारच्या रंगात हाताने अडकवलेला असतो. कुणीतरी मागावर महिनोन् महिने बसून केलेलं ते काम. तिची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला आणि लग्नाला ती नेसा. रोजच्या वापरातल्या सुती साड्या, विशेषतः काठ शाबूत आणि मधला भाग विरलेल्या, त्या मला द्या. काठाचं जाकीट होतं, पदराची पाठ होते.

आणि साडी सोडायलाच हवी असंही नाही. तुम्हाला नकोशी वाटते ती साडी की तिच्या खालचं सगळं, हे एकदा तपासा. परकराची बारीक नाडी कमरेत रुतते, तिथे काळी रेघ पडते. नेफ्यात नाडीऐवजी दीड-दोन इंच रुंद पट्टा आणि हुक लावून घ्या. ब्लाउजचे हुक पाठीवर असतील तर पुढे आणा. अस्तर रुबियाचं घ्या, सिंथेटिक नको. एवढं बदलून हलकी इरकल किंवा मंगलगिरी आठवड्यातून एकदा नेसून बघा. माझी आजी दिंडोरीकडच्या शेतात काष्टा मारून नऊवारीत द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर वाकायची, चढायची. तो कपडा नऊ वार असूनही कुठे अडकत नव्हता, कारण तो तिच्या हालचालींवर बेतलेला होता.

स्लीव्हलेस. तुम्हाला आवडतं, मग प्रश्न फक्त कापण्याचा आहे. खांद्याची पट्टी रुंद ठेवा, खांद्याच्या हाडापर्यंत. मुंढा वर घ्या म्हणजे बगलेत मांस दाबलं जाऊन बाहेर येत नाही. काठाला जाड पट्टी नको, आतून उरेब, म्हणजे तिरक्या कापाची, पट्टी लावून हातशिलाई करायला सांगा. दंड झाकायचा नसेल तर झाकू नका. घरून कुणी बोलेल असं वाटत असेल तर पहिले पंधरा दिवस वरून ते पातळ जाकीट ठेवा. लोकांना सवय होते, आपल्यालाही.

सुरुवातीला एकच कुर्ता आणि एकच पँट शिवा. ती महिनाभर घाला, धुवा, स्कूटरवर बसा, मंडईत जा. काय खुपतं ते कागदावर लिहून शिंप्याकडे परत जा आणि दुसरा त्यावरून करायला सांगा. माझ्याकडच्या जुन्या गिऱ्हाइकांचा चांगला बेत कुणाचाही पहिल्या फटक्यात जमलेला नाही, तिसऱ्या कुर्त्याला जमतो.

भाचीच्या लग्नाला पैठणी नेसणार असाल तर ब्लाउज तेवढा नवा करा, तोही तुमच्या पद्धतीने उलट्या रंगात, पुढच्या हुकांचा, कोपरापर्यंत बाही. गुडघ्यासाठी साडी दोन बोटं वर नेसा आणि खाली सपाट कोल्हापुरी. मात्र कापड दिवाळीच्या आधी टाका. तुळशीची लग्नं लागली की नाशिकातला कुठलाही शिंपी तुम्हाला तारीख देणार नाही, मीसुद्धा नाही.